रासायनिक, सेंद्रिय की विनानांगरणी? मातीतल्या जिवाणूंच्या बाजूने बघा

पद्धत ठरवताना आपण उत्पन्न आणि खर्च बघतो, बघायलाच पाहिजे, पण मूठभर मातीत अब्जावधी जिवाणू असतात आणि पिकाला नत्र-स्फुरद मिळवून देण्यात त्यांचा मोठा वाटा असतो, म्हणून त्यांचाही हिशोब धरा.

नेहमीची रासायनिक शेती घ्या. सगळी औषधं सारखी नसतात. कीटकनाशक शिफारशीच्या मात्रेत मारलं तर जिवाणूंना बसणारा फटका बऱ्याचदा तात्पुरता असतो, पण बुरशीनाशकाला रोगाची बुरशी आणि मायकोरायझा म्हणजे मुळांवरची उपयोगी बुरशी यातला फरक कळत नाही. सगळ्यात वाईट मेटाम सोडियमसारखं औषध जमिनीत सोडून ती निर्जंतुक करणं, अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू त्यात जातात आणि सावरायला खूप वेळ घेतात. माझं मत विचाराल तर रासायनिकच करायचं असेल तरी हे पहिलं बंद करा.

सेंद्रियमध्ये मायकोरायझा नक्की सुधारते. स्वित्झर्लंडमध्ये १९७८ पासून एकाच जागी दोन्ही पद्धतींची तुलना चालू आहे, तिथल्या २१ वर्षांच्या आकड्यांत सेंद्रियचं उत्पन्न साधारण २० टक्के कमी पण मुळांवर मायकोरायझा ४० टक्के जास्त होती. तरी सेंद्रिय म्हणजे मातीला धोकाच नाही हे मला पटत नाही, कारण बोर्डो मिश्रण हे मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक सेंद्रियमध्येही चालतं आणि त्यातलं तांबं कुजत नाही, विरत नाही, फवारणीमागून फवारणी वरच्या थरात साठत जातं आणि जास्त झालं की जिवाणू, गांडुळं दोघांनाही जड जातं. म्हणून तर युरोपात ७ वर्षांत हेक्टरी २८ किलो तांब्याची मर्यादा घातलीय. द्राक्षबाग असेल तर माती परीक्षणात तांबं आवर्जून बघा.

विनानांगरणीत बुरशीचे धागे तुटत नाहीत, आच्छादनाने कर्ब वाढतो, फक्त तणासाठी ग्लायफोसेट या तणनाशकावर भिस्त राहते. ते जे एन्झाइम अडवतं ते बऱ्याच जिवाणूंमध्येही असतं, पण ग्लायफोसेट मातीच्या कणांना घट्ट चिकटतं त्यामुळे परिणाम वाटतो तितका होत नाही. कर्ब कमी असलेल्या जमिनीला मी हीच पद्धत सुचवेन, तणनाशक जमेल तितकं कमी करून.

आणि पद्धत कुठलीही असो, कडधान्याच्या बियाण्याला बुरशीनाशक लावणार असाल तर ते आधी, मग कीटकनाशक आणि रायझोबियम हे नत्र मिळवून देणारे जिवाणू सगळ्यात शेवटी, अगदी पेरणीच्या तोंडावर, नाहीतर विकत आणलेले जिवाणू जमिनीत जायच्या आधीच मरायला लागतात.