न्यू जर्सीतली परसबाग: मार्चमध्ये घरात रोपं की मे अखेरीस थेट वाफ्यात बी?

वांगी-मिरचीची रोपं घरात करायची असतील तर मार्चच्या मध्यापर्यंत बी पेरून झालेलं असावं लागतं. म्हणजे बाहेरची माती गोठलेली असतानाच हा निर्णय घ्यावा लागतो. एडिसन, प्लेन्सबरो या भागात नवं घर घेतलेले, पहिल्यांदाच मागे अंगण मिळालेले बरेच जण मला हेच विचारतात: दिवे, ट्रे, उबेची गादी असं सगळं आणून घरात रोपं करावीत, की धीर धरून मे अखेरीस सरळ मातीत बी टोकावं? मी दोन्ही केलंय. माझं मत कुठे झुकतं ते पुढे दिसेलच, पण तुमचं घर आणि तुमचा दिवस माझ्यासारखा नसेल, हे धरून वाचा.

आधी तारखेबद्दल. मध्य जर्सीत शेवटचा फ्रॉस्ट, म्हणजे कोवळी रोपं करपवणारा रात्रीचा गोठवणारा गारठा, एप्रिलच्या उत्तरार्धात पडतो असं सांगतात. ही सरासरी आहे, म्हणजे त्या तारखेनंतरही फ्रॉस्ट पडण्याची शक्यता साधारण निम्मी उरते. टोमॅटोसाठी निम्मी शक्यता फार झाली. म्हणून इथले जुने लोक मदर्स डेची, म्हणजे मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारची वाट बघतात. तीही खात्री नव्हेच. ९ मे २०२० ला, मदर्स डेच्या आदल्या दिवशी, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात बर्फाचे कण पडल्याची नोंद आहे. १८ मे २०२३ च्या पहाटे न्यूयॉर्क राज्यातल्या आणि व्हरमाँटमधल्या सफरचंदाच्या आणि द्राक्षाच्या बागा होरपळल्या. शिवाय जर्सी छोटी असली तरी एकसारखी नाही. केप मेच्या किनाऱ्यावर फ्रॉस्ट लवकर संपतो, वायव्येला ससेक्सच्या डोंगरात मे अर्धा उलटेपर्यंत भीती असते, आणि पाइन बॅरन्सच्या रेताड जमिनीत रात्री अनपेक्षित गारठा उतरतो.

आणखी एक गोष्ट फोनवरचं हवामान बघणाऱ्यांसाठी. अंदाजात ३५ फॅरनहाइट, म्हणजे दीडएक सेल्सिअस दिसलं तरी आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर जमिनीलगतची हवा शून्याखाली जाऊ शकते. तापमान मोजतात ते माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, आणि आपली रोपं असतात वीतभर. सखल कोपऱ्यात थंड हवा साचते ती वेगळीच.

काही भाज्यांना हा प्रश्न लागूच नाही. मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा, मटार ही मंडळी मार्च अखेरीस किंवा एप्रिलमध्ये, जमीन वाफशावर आली (ओल आहे पण चिखल नाही) की थेट बाहेर पेरायची. हलका फ्रॉस्ट ती सोसतात, त्यांना खरा त्रास होतो तो जूनच्या उन्हाचा. कोथिंबीर तर ऊन तापलं की तुरा काढून मोकळी होते. मेथीदाणे आणि धणे वाण्याच्या दुकानातले चालतात, धणे तेवढे रगडून दोन फाका करून घ्यायचे. यांची रोपं घरात करू नका.

भेंडीबद्दलही माझ्या मनात शंका उरलेली नाही. तिचं सोटमूळ खोल जातं आणि त्याला धक्का लागला की ती रुसते. एप्रिलमध्ये घरात वाढवून लावलेली भेंडी आणि मे अखेरीस, बी रात्रभर भिजवून थेट टोकलेली भेंडी, अशा दोन ओळी मी शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. जुलैच्या मध्याला कोणती ओळ कोणती हे सांगता येत नव्हतं, आणि पुढे थेट टोकलेली जास्त जोमात होती. मोजमाप काही केलं नाही, पण टोपली कुठल्या ओळीतून भरत होती ते घरात सगळ्यांना दिसत होतं. दुधी, दोडका, कारलं यांचीही मुळं नाजूक. कारल्याचं टणक बी ओल्या कागदात गुंडाळून उबेला ठेवून मोड आणावेत हे मला पटतं. पण मोड आले की सरळ आळ्यात. माती हाताला कोमट लागली पाहिजे, साधारण ६५ फॅरनहाइटच्या वर. पंधरा डॉलरच्या आतबाहेर मातीचा थर्मामीटर मिळतो, आणि माझ्या मते या सगळ्या छंदातली ती सर्वात उपयोगी खरेदी आहे.

वालाच्या वेलाला घरातली आघाडी देऊन तर काहीच हाती लागत नाही. त्याच्या बऱ्याच जाती दिवस लहान व्हायला लागल्याशिवाय फुलत नाहीत. मार्चमध्ये पेरा नाहीतर मेमध्ये, फूल सप्टेंबरकडेच. मग शेंगा भरतात तोवर ऑक्टोबरचा पहिला फ्रॉस्ट दाराशी येतो. बी घेताना लवकर फुलणारी जात मागून घ्या, तिथे खरा फरक पडतो.

राहिली तीन पिकं: टोमॅटो, मिरची, वांगं. घरात की बाहेर हा वाद खरं तर यांच्यापुरताच आहे.

घरातल्या रोपांच्या बाजूने सांगण्यासारखं बरंच आहे. मिरचीच्या बियाला ८० फॅरनहाइटची ऊब मिळाली तर आठ-दहा दिवसांत उगवते. थंड तळघरात तीच तीन आठवडे काढते, कधी कुजून जाते. ती ऊब इथल्या मातीत जूनशिवाय मिळत नाही. आणि मुख्य म्हणजे जात. भरल्या वांग्यासाठी लहान काटेरी वांगं हवं असेल, किंवा लवंगी मिरची, तर नर्सरीत ती रोपं क्वचितच मिळतात. तिथे मोठी जांभळी वांगी आणि हालापिन्यो ही जाड मेक्सिकन मिरची. वांग्याच्या बाबतीत आणखी एक फायदा: इथे उड्या मारणारे बारीक काळे भुंगेरे पानांची चाळण करतात, आणि त्यांच्यापुढे दोन पानांचं कोवळं रोप टिकत नाही, हातभर वाढलेलं टिकतं.

दिवे पानांपासून दोन-तीन इंचांवर ठेवणं, चौदा-सोळा तास चालू ठेवणं, पाणी खालून देणं म्हणजे रोपं बुडातून कोलमडत नाहीत, हे सगळं जमतं. टायमर लावला की बरंचसं आपोआप होतं. मला त्याचा कंटाळा नव्हता. उलट फेब्रुवारी-मार्चच्या करड्या दिवसांत तळघरातला तो हिरवा कोपरा फार बरा वाटायचा.

मला थकवलं ते हार्डनिंगने, म्हणजे रोपांना हळूहळू बाहेरची सवय लावण्याने. दिव्याखाली वाढलेलं रोप एकदम उन्हात ठेवलं तर पानं पांढरी पडून कागदासारखी होतात. म्हणून पहिल्या दिवशी तासभर सावलीत, मग दोन तास, मग थोडं कोवळं ऊन, असं आठ-दहा दिवस चढवत न्यायचं आणि रोज संध्याकाळी आत आणायचं. पुस्तकात ही एक ओळ असते. घरात ते असं असतं: पाण्याने जड झालेले ट्रे तळघराच्या जिन्याने वर, स्वयंपाकघरातून मागच्या दारापर्यंत, एका कोपराने दार धरून बाहेर. सकाळी ऑफिसची वेळ, मुलांची बस. दुपारी दोन वाजता मीटिंग चालू असताना बाहेर वारा सुटतो, आणि इथला एप्रिल-मेचा वारा साधा नसतो, कोवळे दांडे देठातून मोडतो. ऊन वाढलं तर छोट्या कप्प्यांतली माती तीन तासांत सुकते. त्या दिवशी ऑफिसला जाणं भाग असेल तर सगळं नशिबावर. त्यात मे थंड निघाला, रात्री ५० फॅरनहाइटच्या खालीच राहिल्या, तर हे दहा दिवस वीस होतात. रोपं कप्प्यात मावेनाशी होतात, मुळं गोल फिरायला लागतात, आणि आपण ट्रे आत-बाहेर करतच असतो. आठ आठवडे निगुतीने वाढवलेलं रोप शेवटच्या आठवड्यात असं रखडतं, ते मला बघवत नाही.

ज्या वर्षी आई-बाबा एप्रिलमध्ये इकडे आलेले असतात त्या वर्षी हा त्रास जवळजवळ नसतो. बाबा दिवसभर ट्रेपाशी असतात, ऊन सरकलं की ट्रे सरकवतात, आणि रोपं देखणी होतात. म्हणजे पद्धतीत खोट नाही. तिला दिवसा घरात एक माणूस लागतो.

टोमॅटोचं मात्र मला आता वेगळं वाटतं. कंपोस्टमधून वाफ्यात आलेलं बी दर वर्षी मेच्या मध्याला आपलं आपण उगवतं. ऊन, वारा, गारठा सगळं त्याच्या सवयीचं. तळघरातली रोपं लावल्यावर आठवडाभर तशीच उभी असतात, ही मात्र दिवसागणिक जाड होतात. फळ उशिरा येतं हे खरं. घरातल्या रोपांचा टोमॅटो जुलै अखेरीस, यांचा ऑगस्ट सरता सरता किंवा सप्टेंबरात. महिना-दीड महिन्याचा हा उशीर मला चालतो. घाई असेल तर नर्सरीतून चार रोपं आणावीत. टोमॅटोत तिथे निवड चांगली असते, आणि जर्सीत राहून एकदा तरी रटगर्स टोमॅटो लावावाच. इथल्याच विद्यापीठाने १९३४ साली दिलेली जात आहे, आंबटगोड आणि रसाळ.

वांगं-मिरचीला थेट पेरणीचा भरवसा मी देणार नाही. मे अखेरीस पेरलेल्या मिरचीला सप्टेंबरात चार मिरच्या लागतात आणि हंगाम संपतो. इथे घरातली रोपं लागतातच, पण एका ट्रेची नाही. प्रत्येकी चार-पाच, मोठ्या कुंडीत, एका हाताने उचलता येतील एवढीच. दुधाच्या अर्धपारदर्शक कॅनचं पोट कापून, त्यात माती भरून, बी पेरून, एप्रिलच्या सुरुवातीला तोंडाचं बूच न लावता अंगणात ठेवायचे, हाही एक मार्ग आहे. रोपं उशिरा आणि बुटकी होतात, पण बाहेरच वाढल्यामुळे हार्डनिंग जवळपास उरत नाही. गेल्या काही वर्षांत माझी वांगी याच रस्त्याने येताहेत, आणि फळासाठी जास्त थांबायची तयारी असेल तर तुम्हीही करून बघावं असं वाटतं. भुंगेऱ्यांसाठी सुरुवातीचे काही आठवडे वर पातळ कापड लागेल.

दिवसा घरी कुणी असेल, किंवा काटेरी वांग्याशिवाय चालणारच नसेल, तर दिवे घ्या, पैसे वाया जाणार नाहीत. दोघंही नोकरीला जात असाल, तर या वर्षी दिव्यांचे पैसे दोन गादीवाफ्यांच्या चांगल्या मातीत घाला. एप्रिलमध्ये मेथी-पालक पेरा, आणि ती काढून त्याच जागी मेच्या शेवटच्या आठवड्यात, थर्मामीटर सलग तीन-चार सकाळी ६५ च्या वर दाखवू लागला की भेंडी, दुधी, गवार टोका.