गाडीतलं वेगळं जीपीएस: इंदूरहून निमाडात आणि पलीकडे

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर गाडीत वेगळं जीपीएस यंत्र बसवलं. पाच इंची पडदा, नकाशा आतच साठवलेला, सिमकार्ड नाही. हातात चांगला फोन असताना हे कशाला, असं घरी आणि नातेवाइकांत प्रत्येकाने विचारलं. इतके महिने वापरल्यावर उत्तर नीट देता येईल असं वाटतं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मॉडेलं बदलत राहतात. काय बघून घ्यावं ते सांगतो.

आधी एक स्पष्ट करतो: इंदूर शहरात फिरायला हे घेऊ नका. राजवाड्याकडे गर्दी कुठे तुंबली आहे, विजयनगरच्या चौराह्यावर किती वेळ जाईल, हे फोनला इंटरनेटवरून कळतं. माझ्या यंत्राला ते कळायची सोय नाही. शहरात मी आजही फोनच लावतो. यंत्राचं काम शहराच्या वेशीवरचं राऊ मागे टाकल्यावर सुरू होतं.

उपग्रहांवरून आपली जागा कळायला इंटरनेट लागत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि किमान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की यंत्र जागा काढतं. फोनमध्येही हीच सोय असते. नेटवर्क गेल्यावर फोन अडतो तो बहुतेक वेळा नकाशा उतरवता येत नाही म्हणून. नकाशा आधी उतरवून ठेवता येतो, पण त्यासाठी कुठे जाणार ते आधी ठरलेलं हवं. आमचं तसं नसतं. महेश्वरला निघावं आणि परतताना कुणीतरी म्हणावं, मांडूही करून टाकू. अशा वेळी सगळा नकाशा आत असलेलं यंत्र फार उपयोगी पडतं.

महेश्वरचंच उदाहरण घेतो, कारण यंत्राची पारख तिथेच झाली. इंदूरहून दोन वाटा आहेत. एक आग्रा-मुंबई रस्त्याने मानपूर, गुजरी, धामनोद अशी. दुसरी महूवरून जाम गेटपाशी घाट उतरून मंडलेश्वरला जाणारी. दुसरी वाट अंतराने कमी आहे, पण घाट वळणांचा आहे आणि पावसाळ्यात धुकं इतकं दाट होतं की पुढची गाडी दिसत नाही. यंत्रात ‘कमी अंतर’ निवडलं की ते जाम घाटातून नेतं, ‘कमी वेळ’ निवडलं की धामनोदवरून. नवं यंत्र हातात आलं की ही निवड सगळ्यात आधी बघा. ‘कमी अंतर’वर ठेवलेलं यंत्र निमाडात गावागावांतून, कापसाच्या शेतांमधून जाणारे रस्तेही काढून देतं. काळ्या मातीचा रस्ता पावसात कसा होतो हे तिकडच्या माणसांना सांगायला नको. ‘कच्चे रस्ते टाळा’ ही खूण करून ठेवली की हा त्रास बराच कमी होतो.

घाटात मात्र हे यंत्र मनापासून आवडलं. पुढचं वळण कोणत्या बाजूला आणि किती तीव्र, हे पडद्यावर आधीच दिसतं. धुक्यात मी त्यावर विसंबून वेग वाढवत नाही, पण वळण येतंय हे कळलं की पाय वेळेवर ब्रेककडे जातो. उंच कड्याला लागून रस्ता असेल तर गाडीची खूण कधीकधी बाजूला सरकते, कारण उपग्रहाचे संदेश कड्यावर आपटून येतात. मोकळ्यावर आल्यावर ती जागेवर येते. जीपीएसबरोबर रशियाची ग्लोनास आणि युरोपची गॅलिलिओ या उपग्रह व्यवस्थांचेही संदेश घेणारं यंत्र असेल तर अशा ठिकाणी फरक पडतो, कारण अरुंद आभाळातही पुरेसे उपग्रह सापडतात. थोडे पैसे जास्त गेले तरी तेच घ्या.

नकाशा नवा ठेवणं हे दुसरं मोठं काम. आग्रा-मुंबई रस्त्यावरच्या गणपती घाटाच्या उतारावर वर्षानुवर्षं ट्रकांचे ब्रेक निकामी होऊन भीषण अपघात झाले, म्हणून तिथे नवा पर्यायी रस्ता काढला. जुन्या नकाशाला हा रस्ता माहीतच नसतो. गाडी रस्त्यावर आणि खूण रानात, असं दिसतं आणि यंत्र सारखं मागे फिरायला सांगतं. खंडव्याच्या रस्त्याचंही चौपदरीकरण चालू असल्यामुळे भेरूघाटाकडे असंच होतं. तिथे मी आवाज बंद करून समोरच्या पाट्या वाचतो. नकाशाचे नवे भाग कायम फुकट मिळतात की वर्षाने पैसे भरावे लागतात, हे खरेदीच्या वेळीच विचारून घ्या.

पत्ता शोधण्यात फोन सरस आहे, हे मान्य करायलाच हवं. माळव्यात पिपल्या आणि बरखेडा नावाची गावं इतकी आहेत की तहसील आणि जिल्हा बघितल्याशिवाय ‘चला’ दाबू नये. बुऱ्हाणपूरला आत्याकडे जाताना मी घरीच अक्षांश-रेखांश भरून घेतले होते. आसीरगड ओलांडल्यावर तिच्या गल्लीच्या तोंडापर्यंत एकदाही कुणाला विचारावं लागलं नाही. माझ्या यंत्रात बोलणं हिंदीत आहे, मराठीत नाही. आईला त्याचं वाईट वाटतं, मलाही.

उन्हाचं सांगायलाच हवं. खरगोनच्या बाजूला मे महिन्यात काचेला लावलेला फोन तापतो, चार्ज होणं थांबतं, पडदा मंद होतो. यंत्राने ते ऊन सोसलं. पण त्याची बॅटरी लहान आहे, वायर लावूनच ते चालवावं लागतं, आणि गाडी उन्हात उभी करताना मी ते काढून खणात ठेवतो. काचेवर ते खाली कोपऱ्यात बसवा, समोरचा रस्ता झाकू नका. १ ऑक्टोबर २०२० पासून नियमात हातातली उपकरणं फक्त रस्ता शोधण्यासाठी वापरायला मुभा आहे, तीही चालवताना लक्ष विचलित होणार नसेल तरच. त्यामुळे यंत्रात गावाचं नाव भरणं, रस्ता बदलणं हे गाडी थांबवूनच करा. आमच्याकडे ते काम बायको करते.

घ्यायचं ठरलंच तर दुकानात पडदा आणि रंग बघण्यात वेळ घालवू नका. काचेवर धातूचा थर असलेल्या गाड्यांमध्ये संदेश अडतो, म्हणून यंत्र आपल्याच गाडीत लावून बघा. मग आपल्याला पायाखालचा असलेला एखादा आडवळणाचा रस्ता काढायला सांगा. तो त्याला सापडला नाही, तर दुसरं यंत्र मागा.