व्हीलचेअरवरून फोटो: क्लॅम्प की मोनोपॉड?

मावसभावाला व्हीलचेअरवरून पक्ष्यांचे फोटो काढायचेत. ट्रायपॉडचे पाय चाकांत अडकतात, त्यामुळे तो बाद. उरतात दोन: क्लॅम्प, म्हणजे नळीला आवळून कॅमेरा धरणारी पकड, आणि मोनोपॉड, म्हणजे एकाच पायाचा स्टँड. त्यानं विचारलं, "ताई, क्लॅम्प घेऊ की मोनोपॉड?"

स्थिरता: क्लॅम्प नळीला आवळला की हात मोकळे. मॅनफ्रॉटो कंपनीचा सुपर क्लॅम्प १३ ते ५५ मिमीची नळी धरतो. खुर्चीची साधारण २२-२५ मिमी असते, म्हणजे तो प्रश्न मिटला. पण काढता येणाऱ्या आर्मरेस्टवर तो लावू नकोस. आर्मरेस्ट खाचेत किंचित खुळखुळतो, आणि टेलीलेन्समध्ये (दूरचं जवळ दाखवणारी लेन्स) तेवढ्यानंही खंड्याची चोच पुसट होते. मुख्य सांगाड्याची नळी शोध, मध्ये सायकलच्या ट्यूबचा तुकडा घाल. ब्रेक लावलेला हवाच.

मोनोपॉड फूटरेस्टवर टेकतो, उडत्या बगळ्यामागे झरकन वळतो. मात्र एक हात कायम त्यातच गुंततो.

खर्च: मोनोपॉड सहसा स्वस्त. क्लॅम्पवर आर्म (जोडदांडा) आणि बॉलहेडही (कॅमेरा हवा तसा वळवणारा गोल सांधा) लागतं, हे दुकानदार बिल करताना सांगतो!

व्हीलचेअरऐवजी बॅटरीवरची मोबिलिटी स्कूटर असेल तर क्लॅम्प हँडलला नको, वळताना कॅमेराही फिरतो.

हातात ताकद कमी, लेन्स जड, पक्षी बसलेला: क्लॅम्प. हात भक्कम आणि उडते पक्षी हवेत, तर मोनोपॉड. तुझे खांदे पाहता तू मोनोपॉडच घे.