जिगला रंग कुठला: ऑईलपेंट, नेलपेंट का पावडर?

उद्यमनगरातल्या एका टूलरूमवाल्या मित्राला म्हटलं, जिगचा साचा करून पाहिजे, तर म्हणाला कुठल्या जॉबचा जिग, ड्रॉईंग आण. फिशिंगचा जिग म्हणजे गळाच्या मानेवर बसवलेलं शिशाचं डोकं, हे त्याला समजावण्यात दोन चहा गेले. पण साचा अल्युमिनियमचा, एक नंबर करून दिला, अजून तोच चालू आहे. ओतकामावर मी जास्त बोलत नाही, कोल्हापूरच्या माणसाला ओतकाम सांगणं म्हणजे तालमीतल्या पोराला दूध कसं प्यायचं ते सांगण्यासारखं. फक्त साचा आधी गरम करून घ्या नाहीतर माल अर्धाच भरतो आणि डोक्यावर सुरकुत्या येतात, आणि वितळलेल्या शिशात पाण्याचा थेंब जाऊ देऊ नका, वाफ होऊन सगळं तोंडावर उडतं. टायरवाल्याकडनं चाकाच्या बॅलन्सिंगची जुनी वजनं आणत असाल तर त्यात हल्ली जस्ताची पण निघतात. शिसं ३२७ डिग्रीला वितळतं, जस्त ४२० च्या आसपास, त्यामुळं आच बेताची ठेवली की जस्त तसंच वर तरंगतं, ते काढून टाकायचं.

आता खरा प्रश्न रंगाचा. मी तिन्ही करून बघितलंय. पहिली दोन वर्षं ऑईलपेंट आणि नेलपेंट, त्यानंतर पावडर.

सुरुवात करणाऱ्याला ऑईलपेंट सोपा वाटतो आणि आहेच. हार्डवेअरमधनं छोटा डबा आणला, ब्रश आणला, झालं काम. पण नुसता भगवा किंवा पोपटी शिशावर लावला तर मेल्यासारखा दिसतो, खाली पांढरा लागतोच, म्हणजे प्रायमर, पांढरा, मग रंग, आणि दर हाताला रात्रभर वाळवायचं. पावसाळ्यात आमच्याकडं रात्रभरात काय वाळत नाही हे तुम्हाला माहितीच आहे. कपड्याच्या दोरीवर जिग टांगले होते, सकाळी आईच्या साडीत तीन गळ, त्यानंतर घरात जे काय ऐकलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. नेलपेंट त्या मानानं लवकर वाळतं, रंग म्हणाल तेवढे, चमकी पण मिळते, बाटलीतच ब्रश असतो. दुकानात जाऊन एकदम सहा बाटल्या मागितल्यावर दुकानदार जरा वर बघतो एवढंच.

टिकण्याच्या बाबतीत दोघं सारखेच म्हणायचे. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या दगडावर दोन-चार वेळा आपटला की नाकावरचा रंग उडतो आणि खाली शिसं दिसायला लागतं. पण खरं सांगायचं तर त्यानं मला काही फरक पडला नाही, उघड्या शिशाला पण चिलापी लागलीय आणि शिंगाळा मासा तर रंग बघतो का नाही देव जाणे. शिवाय निम्मे जिग दगडात अडकून जातातच, त्यांचा रंग टिकला काय न टिकला काय.

माझं मन फिरलं ते डब्यामुळं. गेल्याच्या गेल्या वर्षी डिसेंबरात आंबा घाट उतरून रत्नागिरीकडं गेलो होतो, तांबोशी माशाच्या आशेनं. आदल्या आठवड्यात बसून पंचवीस जिग केलेले, भगवे आणि पोपटी, सगळ्यांवर रबरी शॅड, म्हणजे माशाच्या आकाराचं मऊ रबरी आमिष, चढवून डबा तयार ठेवलेला, म्हणजे खडकावर वेळ जायला नको. पहाटे पोचलो, भरती लागत होती, हेडलाईटच्या उजेडात डबा उघडला आणि आत काकवी. खरंच काकवी, गुऱ्हाळात कढईच्या कडेला राहते तशी. एक शॅड ओढली तर तीन जिग बरोबर आले, भगवा रंग पांढऱ्या रबरात उतरलेला, बोटाला चिकट, रॉडच्या हँडलला चिकट, शेवटी नाकाला पण लागला. पंचवीसातले चार-पाच वापरण्यासारखे निघाले. दोन तास भरतीचे आणि मी खडकावर बसून रबर सोलतोय, बरोबरचा गडी तोपर्यंत दोन तांबोशी काढून मोकळा.

आधी वाटलं आपला पेंट नीट वाळला नसेल. मग कळलं की शॅडचं हे रबर म्हणजे सॉफ्ट प्लास्टिक, ते मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखं जे असतं ते हळूहळू बाहेर येतं आणि साध्या पेंटला मऊ करतं. महिनाभर वाळवलेला ऑईलपेंट सुद्धा मी मुद्दाम शॅड लावून ठेवून बघितला, तेच. नेलपेंटनं थोडा जास्त तग धरला, पण उन्हात गाडीत डबा राहिला की त्याचं पण तेच. तुम्ही रबर फिशिंगच्या जागेवर जाऊनच चढवत असाल, किंवा रबर वापरतच नसाल, नुसती पिसं आणि केस बांधत असाल, तर हा त्रास तुम्हाला होणारच नाही आणि मग पुढचं वाचलं नाही तरी चालेल. मला मात्र डबा घरातनं भरून न्यायची सवय आहे.

मग पावडरकडं वळलो. पावडर कोटिंग, म्हणजे रंगाची कोरडी पावडर धातूवर बसवून भट्टीत भाजून पक्की करणं, आपल्या गावाला नवीन नाही, शिरोली आणि गोकुळ शिरगावला पंपाच्या बॉडीपासून गेटपर्यंत सगळं त्यानंच होतं. मला वाटलं सोपं आहे, चाळीस जिग एका कोटिंगवाल्याकडं दिले. माणूस चांगला होता पण त्यानं गनखाली सगळेच मारले, गळाचं टोक, उलटा काटा, दोरा ओवायचं भोक, सगळं एकसारखं काळं. टोक नखावर घासलं तर घसरतंय. चाळीस भोकं सुईनं टोकरत बसलो. एक फायदा झाला, त्याच्याकडनं उरलेली पॉलिस्टर पावडर मिळाली, पांढरी आणि पोपटी, वर्षभर पुरेल एवढी. नुसती इपॉक्सी पावडर घेऊ नका, उन्हात फिकी पडते.

घरी करायचं असेल तर असं. जिग पक्कडीत धरून हीटगननं डोकं तापवायचं, दहा ग्रॅमच्याला माझ्याकडं बारा-पंधरा सेकंद लागतात, आणि पावडरीत एक सेकंद बुडवून बाहेर. मेणबत्तीवर पण तापतं पण काजळी धरते, पांढऱ्याचं वाटोळं. पावडर बाटलीत घट्ट बसलेली असते, तिच्यात बुडवलं तर गोळे लागतात, म्हणून मी फिशटँकचा एअर पंप, पीव्हीसी पाईपचा तुकडा आणि मध्ये जाड कापड असं जुळवलंय, खालनं हवा आली की पावडर उकळत्या दुधासारखी हलते. बाहेर काढल्यावर डोक्याकडं बघायचं. लगेच आरशासारखं चमकलं तर जास्त तापलंय आणि थर जाड बसलाय, भट्टीत तो ओघळून खाली थेंब धरणार. पिठासारखं कोरडं राहिलं तर कमी तापलंय. संत्र्याच्या सालीसारखं खडबडीत, किंचित ओलसर दिसलं की बरोबर. आणि तेवढ्यातच भोकातनं टाचणी घालून घ्या, गरम आहे तोवर लोण्यासारखं निघतं, नंतर दगड.

बेकिंग टाळू नका. बुडवल्यावर चमकतंय म्हणून तसंच वापरणारे आहेत, पण कच्ची पावडर दगडावर टवके सोडते आणि रबराला पुन्हा चिकटते, मग एवढा खटाटोप कशाला. साधारण १७५ डिग्रीला पंधरा-वीस मिनिटं, जाळीला टांगून. मी जुना ओटीजी, म्हणजे घरातला छोटा विजेचा ओव्हन, यासाठीच ठेवलाय, तो परत स्वयंपाकघरात जाणार नाही, शिशाचा प्रश्न आहे. त्याच्या बटणावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. शिसं नको म्हणून कोणी बिस्मथ-टिनचे जिग ओतत असेल तर त्यांनी पावडर विसरा, बिस्मथ-टिनचं ते नेहमीचं मिश्रण १३८ डिग्रीलाच वितळतं, ओटीजी उघडाल तर खाली थारोळं आणि वर नुसता गळ. त्यांना नेलपेंटच बरं.

पावडरीचे तोटे पण सांगतो, नाहीतर म्हणाल एकच बाजू लावून धरलीय. दोन रंग मिसळून तिसरा होत नाही, निळी आणि पिवळी मिसळली तर हिरवी न होता ठिपकेदार होते, मला ते आवडतं पण सगळ्यांना नाही आवडणार. पट्टे, खवले असलं कौशल्याचं काम ब्रशनंच. पावसाळ्यात डबा उघडा राहिला की गुठळ्या होतात, चाळून घ्यावी लागते. ओतून महिनाभर पडलेला करडा जिग असेल तर आधी तारेच्या ब्रशनं घासा, ताज्या ओतलेल्यावर पावडर जास्त छान बसते. आणि एकूण खर्च बघितला, हीटगन, ओटीजी, पंप, तर वर्षाला दहा-वीस जिग लागणाऱ्याला ऑईलपेंटचा छोटा डबाच परवडेल, उगीच माझ्या नादाला लागू नका.

तरीपण दगडाच्या बाबतीत माझ्या डोळ्यांनी बघितलंय ते सांगतो. बंधाऱ्यावर सकाळभर एकच पांढरा पावडरवाला जिग मारला, नाकावर बारीक ओरखडे आले, रंग उडाला नाही. आणि डब्याचं म्हणाल तर गेल्या दिवाळीत पावडरवाल्या सहा जिगवर शॅड चढवून ठेवल्या होत्या, मुद्दाम, उन्हाळा पण गाडीतच काढला. परवा काढल्या, सहाच्या सहा सुटसुटीत, बोट कोरडं.

पहिल्यांदा घेताना पांढरी आणि पोपटी एवढ्याच घ्या, आमच्या नदीला तेवढ्या बास होतात, समुद्राला जाणार असाल तर गुलाबी वाढवा. डोळ्याला मात्र मी अजून नेलपेंटच वापरतो, बायकोच्या बाटलीतलं काळं, काडेपेटीच्या काडीच्या मागच्या टोकानं एक ठिपका. तिथं रबर टेकत नाही, त्यामुळं चालतं.