काड्यांचे गठ्ठे की मणीमाळ?

लेकीला शंभरपर्यंतची संख्या शिकवायला काय घेऊ, मैत्रिणीने विचारलं. स्वस्त काड्याच: खराट्याचे हीर तोडायचे, दहा-दहाला रबर लावायचं. माळेला शंभर मणी लागतात, दर दहाला रंग बदलून ओवलेले. टिकते मात्र माळ; रबरं तर हरवतातच.

खरा फरक कळण्यात आहे. ‘एकोणतीस’ला मुलं हमखास अडखळतात. माळेवर तिसाव्या मण्याच्या एक अलीकडे बोट ठेवलं की ते ‘एकोण’ डोळ्यांना दिसतं. वजाबाकीत मात्र माळ लंगडी. काड्यांवर बत्तिसातून सात काढताना दोन सुट्या पुरत नाहीत, गठ्ठा सोडावाच लागतो. हातच्याचं कोडं तिथेच सुटतं.

मोजण्यात अडत असेल तर माळ, वजाबाकी सुरू झाली असेल तर गठ्ठे. घरात रांगतं बाळ असेल तर माळ उंच टांगा.