दारात येणारी नसबंदीची गाडी: लांजा तालुक्यातल्या एका गावातला अनुभव

मांजरीचं ऑपरेशन करून घ्यायचं म्हटलं की आमच्याकडे पैशांच्या आधी प्रश्न येतो तो तिला न्यायचं कसं हा. आमचं गाव लांजा तालुक्यात, हायवेपासून बरंच आत. रत्नागिरीला जायचं तर एसटी बदलावी लागते, आणि ओरडणारी मांजर घेऊन गाडीत कोण बसू देणार? रिक्षा केली तर ऑपरेशनपेक्षा भाडंच जास्त, वर दिवसभर गिरण बंद. म्हणून एका संस्थेची फिरती नसबंदीची गाडी आमच्या शाळेच्या पटांगणात यायला लागली, तिच्याबद्दल लिहिते. थंडीत माझी सोनी आणि तिचा वाढलेला बोका, दोघांचं तिथेच करून घेतलं.

माझी पिठाची गिरण आहे. उंदरांमुळे मांजर पाळावीच लागते. पण मांजर दोन महिन्यांत विते, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. एवढी पिल्लं जातात कुठे, ते गावात सगळ्यांना ठाऊक आहे. पोत्यात घालून बाजाराच्या दिवशी दुसऱ्या गावात सोडतात. मला ते बघवत नाही.

नाव फोनवर नोंदवायचं. मांजरीचे ८०० रुपये, बोक्याचे ५००, रेबीजची लस त्यातच. पिवळं रेशनकार्ड असेल तर निम्मे. आदल्या रात्री उपाशी ठेवायला सांगतात. गिरणीत हे सोपं नाही, मांजर रात्रीत उंदीर मारून खाते. मी दोघांना न्हाणीघरात कोंडलं. पिंजरा नव्हता, तर भाजीची दोन प्लास्टिक क्रेट एकमेकांवर उपडी घालून सुतळीने बांधली. गाडीवरच्या दादांनी त्याला नावं ठेवली नाहीत, उलट गाठी तपासून घेतल्या.

गाडी आतून स्वच्छ आहे. टेबल, वर मोठा दिवा, हत्यारं निर्जंतुक करायचं यंत्र, वीज गेली तर जनरेटर. डॉक्टर मॅडम वयाने लहान, पण घाई करत नाहीत. आधी वजन, मग छाती तपासून भुलीचं इंजेक्शन. भुलीत डोळे उघडेच राहतात म्हणून त्यांत मलम घालतात. मांजरीचं गर्भाशय आणि अंडाशय कुशीवरच्या लहानशा छेदातून काढतात. टाके आतले आतच विरघळणारे घालतात. फिरत्या गाडीला हेच योग्य, कारण टाके काढायला ती पुन्हा येणार कधी? डाव्या कानाचं टोकही किंचित कापतात. आमच्या शेजारच्या वहिनी त्यावरून रागावल्या, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "काकू, उद्या ही भटकत दुसऱ्या वाडीत गेली आणि कुणी परत ऑपरेशनला आणली, तर हिचं झालंय हे कानावरूनच कळेल. विनाकारण पोट उघडायला नको." वहिनींना पटलं.

"एक वीण तरी होऊ द्यावी" असं आमच्याकडे सगळे म्हणतात. त्याने काहीच फायदा होत नाही, उलट कुत्री पहिल्या माजाआधी केली तर स्तनांच्या गाठींचा धोका खूप कमी होतो, हे डॉक्टर मॅडमनी रांगेतल्या प्रत्येकाला न कंटाळता सांगितलं. एका मुलाची कुत्री माजावर होती, तिला मात्र परत पाठवलं. त्या दिवसांत रक्तस्राव जास्त होतो. पैसे मिळतात म्हणून ऑपरेशन उरकून टाकलं नाही, याचा मला आदर वाटला.

जनावर मान धरायला लागल्याशिवाय हातात देत नाहीत. सोबत मराठीत लिहिलेला कागद असतो: आठ-दहा दिवस उड्या मारू द्यायच्या नाहीत, अंघोळ नाही, आणि माणसांची पॅरासिटामॉलची गोळी अजिबात द्यायची नाही, मांजराला ती विष आहे. हा कागद मी गिरणीच्या दारावर चिकटवला आहे.

उणं आहे ते गाडी निघून गेल्यानंतरचं. एका घरच्या मांजरीने जखम चाटून उघडी केली. रात्री फोन उचलला, औषधही सांगितलं, पण बघायला जवळ कुणीच नव्हतं. गाडी यायच्या आधीच तालुक्यातल्या एखाद्या डॉक्टरांशी बोलून ठेवायला हवं, आणि गळ्यात घालायची कॉलर प्रत्येकाला द्यायला हवी, मागणाऱ्यालाच नव्हे.

दुसरं, वेळापत्रक. पावसात जखमा ओल्या राहतात म्हणून जून ते सप्टेंबर गाडी बंद असते. ते बरोबरच आहे. पण कुत्र्यांचा हंगाम भाद्रपदात, आणि गाडी येते थंडीत, पिल्लं होऊन गेल्यावर. मे महिन्यात एक जादा फेरी झाली तर त्या एका फेरीने किती पिल्लं रस्त्यावर यायची थांबतील!

ही गाडी पाळीव जनावरांपुरती आहे. भटक्या कुत्र्यांचं काम केंद्र सरकारच्या २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे स्थानिक स्वराज्य संस्थेचं, म्हणजे ग्रामपंचायत-नगरपालिकेचं. त्याआधीच्या २००१ च्या नियमांतही नसबंदी आणि लसीकरणासाठी फिरत्या दवाखान्याची गाडी द्यावी असं लिहिलेलं होतं. म्हणजे कल्पना नवी नाही. मी ग्रामपंचायतीत अर्ज दिला आहे: मेमध्ये जादा फेरी झाली तर समाजमंदिराची खोली रात्रभर उघडी ठेवा, म्हणजे लांबच्या वाडीवरून आलेल्यांना जनावर तिथेच ठेवता येईल आणि डॉक्टरही सकाळपर्यंत थांबतील. ज्यांच्या घरी चार-पाच महिन्यांची मांजरी आहे त्यांनी आत्ताच नाव द्या. त्या वयातही ती गाभण राहू शकते, आणि मागच्या वेळी यादी भरल्यामुळे कितीतरी जण परत गेले.