दोन लाइनींचा राउटर: दोन्ही वॅन ‘ऑनलाइन’, तरी नेट बंद

टीपी-लिंकचा ईआर६०५ हा दोन इंटरनेट लाइनी जोडता येणारा राउटर बरेच महिने वापरल्यावर हे लिहितोय. पाच गिगाबिट पोर्ट, आत वाय-फाय नाही, हे घेणाऱ्याला माहीत असतंच. लिहायला निमित्त झालं ते रस्ता खोदताना तुटलेलं फायबर. मुख्य लाइनच्या ओएनटीवर (फायबर जिथे येऊन लागतं ती कंपनीची पेटी) एलओएसचा, म्हणजे सिग्नल येत नसल्याचा लाल दिवा, दुसरी लाइन ठणठणीत, तरी घरभर नेट बंद. आणि राउटरच्या सेटिंगच्या पानावर दोन्ही वॅन (बाहेरची लाइन जोडायचे पोर्ट) ‘ऑनलाइन’!

हे का होतं ते नीट समजून घ्या, कारण दुसऱ्या लाइनीचे दर महिन्याचे पैसे इथेच पाण्यात जातात. ‘ऑनलाइन डिटेक्शन’ ऑटोवर असतं तेव्हा राउटर त्या वॅनला मिळालेल्या डीएनएस सर्व्हरला (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारा संगणक) विचारणा करून लाइन जिवंत आहे की नाही ते ठरवतो. राउटरमधूनच पीपीपीओई डायल (कंपनीचं युजरनेम-पासवर्ड टाकून जोडणी) होत असेल तर तो सर्व्हर कंपनीचा, म्हणजे तुटलेल्या फायबरच्या पलीकडचा. उत्तर येत नाही आणि लाइन बाद होते. पण बहुतेक घरांत राउटर ओएनटीच्या मागे डीएचसीपीवर (पत्ता आपोआप मिळण्याच्या पद्धतीवर) असतो आणि डीएनएस म्हणून त्याला ओएनटीचाच पत्ता मिळतो, १९२.१६८.१.१ किंवा तसाच. फायबर तुटलं तरी ओएनटी घरातच आहे, त्याची वीज चालू आहे. त्याने काहीतरी उत्तर दिलं की राउटरच्या लेखी लाइन चालू! राउटर त्याच्या नियमाने बरोबरच वागतो, पण आपल्या घरच्या जोडणीला तो नियम लागू पडत नाही. मायक्रोटिक कंपनीच्या राउटरवरही नुसतं ‘चेक गेटवे’ लावलं तर पिंग (उत्तर येतं का बघणारा छोटा संदेश) ओएनटीपर्यंतच जातो आणि हाच घोटाळा होतो.

उपाय फुकटचा आहे. ‘ट्रान्समिशन’, ‘लोड बॅलन्सिंग’, ‘ऑनलाइन डिटेक्शन’ इथे जा. प्रत्येक वॅनचा मोड ‘मॅन्युअल’ करा आणि पिंगसाठी बाहेरचा पत्ता द्या: एकीला ८.८.८.८, दुसरीला १.१.१.१. डीएनएस लुकअपलाही बाहेरचाच सर्व्हर द्या. ‘ऑलवेज ऑनलाइन’ला हात लावू नका, त्यात तपासणीच होत नाही.

मग चाचणी घ्या, पण वॅनची केबल उपटून नाही. केबल काढली की पोर्टच बंद पडतो आणि ऑटो मोडसुद्धा पास होतो. ओएनटीमागचा फायबरचा हिरवा कनेक्टर त्याच्या प्लास्टिकला धरून सरळ ओढा. टोकाला बोट लावू नका, आत डोकावू नका, तार मुडपू नका. लाल दिवा लागल्यावर थोड्या वेळात दुसऱ्या लाइनीवरून पानं उघडली पाहिजेत. चालू व्हिडिओ कॉल मात्र सहसा तुटतो, कारण बाहेरचा आयपी (इंटरनेटवरचा आपला पत्ता) बदलतो; पुन्हा जोडावा लागू शकतो. अर्धमेली लाइनही यात पकडली जात नाही: पॅकेट (माहितीचे तुकडे) गळत असले, तरी अधूनमधून पिंग परत आला की राउटर तिलाच धरून बसतो. तेव्हा हातानेच ती वॅन बंद करायची.

लोड बॅलन्सिंग, म्हणजे दोन्ही लाइनींवर वापर वाटून देणं, याबद्दल माझं मत बदललं. दोन्ही लाइनींचे पैसे भरतो तर दोन्ही सतत वापरू, हा हिशेब आधी पटला होता. पण १०० आणि १०० एमबीपीएस मिळून एका डाउनलोडला २०० मिळत नाहीत. एक जोडणी एकाच लाइनीवरून जाते. शिवाय मधेच आयपी बदलला की नेटबँकिंग लॉगआउट करतं. ‘ॲप्लिकेशन ऑप्टिमाइज्ड राउटिंग’ने (एकाच ठिकाणी जाणारी माहिती एकाच लाइनीवरून पाठवणारी सोय) हे बरंच कमी होतं, तरी आता ‘लिंक बॅकअप’मध्ये फेलओव्हरच (मुख्य लाइन गेली तरच दुसरी) ठेवलंय. टीव्ही दुसऱ्या लाइनीवर हवा असेल तर पॉलिसी राउटिंग (कोणतं उपकरण कोणत्या लाइनीवर, हा नियम) करा, पण मोड ‘प्रायॉरिटी’ ठेवा. ‘ओन्ली’ ठेवलात तर ती लाइन गेली की टीव्हीही गेला.

वाय-फाय नसणं सुरुवातीला खटकलं होतं. आता तेच सोयीचं वाटतं: जुना वाय-फाय राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकला (म्हणजे तो फक्त वाय-फाय पसरवतो), नवीन काही घ्यावं लागलं नाही.

जोडताना आधी ‘वॅन मोड’ (कोणते पोर्ट वॅन म्हणून वापरायचे ते) ठरवा, कारण तो बदलला की राउटर रीस्टार्ट होतो. दोन्ही ओएनटी १९२.१६८.१.x असेच पत्ते देत असतील तर एकाची पत्त्यांची मालिका बदला, उदाहरणार्थ १९२.१६८.५०.x. राउटरची स्वतःची मालिका १९२.१६८.०.x असते, तीही कुणाशी जुळता कामा नये.

विजेकडे दुर्लक्ष नको. पुण्यात महावितरण दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवतं त्या गुरुवारी बॅकअपवर फक्त राउटर ठेवून काय उपयोग? दोन्ही ओएनटी आणि ॲक्सेस पॉइंटही त्यावर हवेत. मिनी यूपीएस घेताना प्रत्येक अडॅप्टरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचूनच घ्या. दुसरी लाइन निवडताना खिडकीतून खांब बघा. दोन्ही फायबर एकाच खांबावरून येत असतील तर एक जेसीबी दोन्ही तोडतो. तिथे दुसरी लाइन ५जी किंवा ४जीची बरी.

घरात असूसचा राउटर असेल तर नवीन खर्च करण्याआधी त्याच्या सेटिंगमध्ये ‘ड्युअल वॅन’ आहे का बघा. बऱ्याच मॉडेल्समध्ये असतं. तिथेही नेटवर्क मॉनिटरिंगला पिंग लावून बाहेरचा पत्ता द्या आणि हिरवा कनेक्टर काढून तपासा.